धरण सगळ्यांना दिसते, फाईल कोणाला दिसते?



जामनेरला आमच्या अभ्यासवर्गात संविधानातील मूलभूत हक्क हा विषय चालला होता. वर्ग संपता संपता एका तरुणाने मोबाईल पुढे केला. त्यात एक व्हिडिओ होता. कुठल्याशा देशाच्या सरकारने म्हणे जमिनीखाली अख्खे शहर बांधले आहे, लाखभर माणसे तिथे राबतात आणि जगाला त्याचा पत्ता नाही. "दादा, एवढं मोठं काम सरकार लपवू शकतं का?" असा त्याचा प्रश्न. काही जण हसले. मला हसू आले नाही.

आपल्या वस्तीतल्या मुलांचे रात्रीचे दोन-दोन तास अशा व्हिडिओंवर जातात. सरकार आपल्यापासून काहीतरी लपवते, ही त्यांची शंका खोटी नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना काहीच सांगितले गेले नाही, त्यांच्या पोरांना असा संशय येणारच. पण तो संशय भलत्या जागी खर्च होतो आहे. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून द्यायचे ठरवले.

जगातले सर्वात मोठे गुपित

सरकारी गुपिताचे सर्वात मोठे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबॉम्ब बनवला. त्या कामाला मॅनहॅटन प्रकल्प म्हणतात. सव्वा लाखाच्या आसपास माणसे कामाला होती, दोन अब्ज डॉलरच्या घरात खर्च झाला. बहुतेक कामगारांना आपण काय बनवतो आहोत हेच ठाऊक नव्हते. उपराष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनासुद्धा पूर्ण माहिती मिळाली ती एप्रिल १९४५ मध्ये, रूझवेल्ट वारल्यावर ते स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी झाली, दूरदूरच्या लोकांनी उजेड पाहिला, तर दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला असे सांगण्यात आले.

म्हणजे लपवता येते, असे वाटेल. पण नीट बघा. हे गुपित जेमतेम तीन वर्षे टिकले, तेही युद्धकाळात, पत्रे तपासून आणि वर्तमानपत्रांवर बंधने घालून. ज्या सोव्हिएत रशियापासून ते लपवायचे होते, त्याला क्लाउस फुक्ससारख्या आतल्या शास्त्रज्ञाकडून माहिती पोचतच होती. आणि अंधारात कोण राहिले? अमेरिकेची जनता. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या गावांचे शेतकरी १९४३ साली घरे-बागा सोडून निघाले. तिथले मूळचे वानापम लोकही आपल्या नदीकाठाला मुकले. काहीतरी प्रचंड होते आहे हे त्यांना सर्वांच्या आधी कळले, कारण त्यांचीच घरे गेली. कशासाठी गेली, हे त्यांना सर्वांच्या शेवटी कळले.

हा धडा लक्षात ठेवा. काम चालू आहे हे लपत नाही. ते कशासाठी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जिवावर चालले आहे, हे लपवता येते.

आपल्या शेजारीच बघा. वरणगावला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. आत काय आणि किती बनते हे देशाच्या संरक्षणाचे गुपित असेल, पण कारखाना आहे हे बसच्या कंडक्टरलाही ठाऊक आहे. १९९८ ला पोखरणची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांना दिसली नाही म्हणून मोठे कौतुक झाले. पण खेतोलाई गावातल्या घरांच्या भिंतींना तडे गेले. ज्याची भिंत फाटते, त्याला उपग्रह लागत नाही.

अजिंठा कोणी 'शोधला'?

याहून जवळचे उदाहरण वाघूर नदीच्या उगमाकडे आहे. जामनेर तालुक्यातून वाहणारी ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून येते, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घालून. शाळेत आपल्याला शिकवले की २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठा लेणी शोधली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे, आजही आहे.

पण लेण्यांजवळच्या गावाचे नाव काय? लेणापूर. नावातच लेणी आहेत. तिथल्या माणसांना, गुराख्यांना, डोंगरातल्या आदिवासींना ती कधीच अज्ञात नव्हती. पुसले गेले होते ते वेगळे. ही लेणी कोणाची, तथागताच्या भिक्खूसंघासाठी डोंगर कोरायला दान कोणी दिले, इथला बौद्ध धम्म कुठे गेला, ही ओळख पुसली गेली. एवढा मोठा डोंगर कोणाला लपवता आला नाही. त्याचा इतिहास मात्र शेकडो वर्षे दिसेनासा झाला. वस्तू समोर असूनही तिचा अर्थ हिरावून घेता येतो, हे आपल्याला अजिंठ्याइतके दुसरे कोण शिकवणार?

१९२३ साली तीन गोष्टी घडल्या

आता कायद्याकडे येऊ. भारतात सरकारी गुपितांचा कायदा आजही आहे. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, १९२३. इंग्रजांनी केला, कारण परकीय सत्तेला आपल्या प्रजेची भीती वाटते. इंग्रज गेले, कायदा राहिला. कारकुनापासून सचिवापर्यंत प्रत्येकाच्या मनात 'सांगणे हा गुन्हा, न सांगणे ही नोकरी' हे त्या कायद्याने पक्के बसवले.

पण त्याच १९२३ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सांभाळलेली तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. आणि त्याच वर्षअखेरीस लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. बोले ठराव गुप्त नव्हता. तो छापला गेला होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठरावही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर चालत जावे लागले. हक्क कागदावर असतो, कागद कचेरीत असतो आणि ज्याचा हक्क आहे त्याला कोणी सांगत नाही. गुपित पाळण्यासाठी कुलूपच लागते असे नाही. न सांगणे पुरेसे असते.

आणि बाबासाहेब त्या वेळी काय करत होते? सरकारचे हिशेब वाचत होते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार, प्रांतांची वित्तव्यवस्था, रुपयाचा प्रश्न, हे त्यांचे सुरुवातीचे अभ्यासविषय आहेत. अंदाजपत्रके, अहवाल, आयोगांच्या साक्षी यांचे ढीग उपसून इंग्रज सरकारने भारताचा पैसा कसा वापरला हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. सरकारने गुपितांचा कायदा केला त्याच वर्षी आपल्या बापाने सरकारच्या चलनाचा हिशेब जगापुढे मांडला. आपली परंपरा ही आहे.

मुळशी ते मणिबेली

धरणांचा इतिहास बघितला की हेच पुन्हा दिसते. मुळशीच्या शेतकऱ्यांना टाटांच्या धरणाची खबर कळली ती त्यांच्या रानात विनापरवाना चाचणीचे चर खोदले जाऊ लागले तेव्हा. १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, धरण तरी झालेच.

आपल्या खानदेशातले सर्वात मोठे उदाहरण सरदार सरोवराचे आहे. धरण गुजरातमध्ये, पण बुडालेली ३३ गावे महाराष्ट्रातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. आज हा भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्यात होता, म्हणजे जळगावला लागूनच. नर्मदा जलतंट्याच्या लवादाने १९७९ साली निवाडा दिला. कोणत्या राज्याला किती पाणी, किती वीज, धरणाची उंची किती, हे सगळे ठरले. जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले. १९८७ मध्ये पर्यावरण खात्याची मंजुरी मिळाली, तीही अभ्यास नंतर पूर्ण करा या अटीवर. मणिबेलीच्या आदिवासीला मात्र पाणी कुठवर येणार, कोणत्या वर्षी येणार, जमीन कुठे मिळणार, याचे लेखी उत्तर मिळेना. त्याच्या गावाची माहिती वॉशिंग्टनच्या बँकेत होती, त्याच्या हातात नव्हती.

लोक विचारू लागले तेव्हा काय झाले? १९८८ मध्ये गुजरात सरकारने धरणाच्या परिसराला तोच १९२३ चा गुपितांचा कायदा लावला. विचार करा. हजारो कामगार, शेकडो ट्रक, डोंगराएवढी भिंत, आणि कायदा सांगतो की हे गुपित आहे! भिंत लपवायची नव्हतीच. भिंतीजवळ जमून प्रश्न विचारणारी माणसे नको होती.

लपलेली गोष्ट होती आकडा. १९७९ साली तिन्ही राज्यांत मिळून विस्थापित कुटुंबे सहा हजारांच्या आसपास सांगितली गेली. लोक संघटित होऊन मोजायला लागले, तसा तो आकडा वाढत वाढत चाळीस हजारांच्या पुढे गेला. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाची तयारी आणि पर्यावरणाचा अभ्यास दोन्ही अपुरे असल्याचे सांगितले. १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. धरण थांबले नाही, मणिबेली बुडाली. पण माणसे मोजली गेली, आणि ज्यांचे नाव यादीत आले त्यांनाच पुढे जमीन मागता आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. धरण म्हटले की विरोध, ही आपली भूमिका नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर, हिराकूड या नदीखोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. पाणी साठवले पाहिजे, वीज झाली पाहिजे, गरिबाचे दारिद्र्य हटले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आमचा प्रश्न एवढाच आहे: पाणी कोणाच्या शेतात आणि बुडीत कोणाच्या नशिबात, हे ठरते त्या खोलीत आपला माणूस का नसतो?

घरकुले दिसत होती, ठराव दिसत नव्हते

आता अगदी घरातले बोलू. १९९० च्या दशकाअखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी घरकुल योजना काढली. अकरा हजारांहून जास्त घरे बांधायची होती. पूर्ण झाली ती जेमतेम दीड हजार. अर्धवट इमारती शहराच्या कडेला वर्षानुवर्षे उभ्या होत्या, येणारा-जाणारा बघत होता. काहीच लपलेले नव्हते. लपले होते ते ठरावांत आणि बिलांत: जागा कोणती, ठेकेदाराला आगाऊ रक्कम किती, कोणत्या अटीवर. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी कागद तपासून फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यात माजी मंत्रीही होते. पुढे अपिले झाली, तो न्यायालयाचा भाग. पण ज्यांच्यासाठी ती घरे होती त्या मजुरांच्या, दलितांच्या, मुसलमानांच्या मुलांचे बालपण पत्र्याखालीच गेले. फाईल उघडली जाईपर्यंत ती मुले बाप झाली होती.

सिंचनाचेही तेच. तापी खोऱ्यासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र पाटबंधारे महामंडळ झाले. त्याचे मुख्यालय जळगावलाच आहे. अमळनेरकडचे पाडळसरे धरण पंचवीस वर्षे उलटून गेली तरी रखडलेले आहे. राज्यभरात असेच चालले होते. २०११-१२ च्या महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून हिशेब निघाला की दहा वर्षांत सिंचनावर ७० हजार कोटींच्या घरात खर्च झाला आणि सिंचनाखालच्या क्षेत्राचे प्रमाण वाढले ०.१ टक्का. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि राज्य हादरले. सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढीचा वेगळा, मोठा आकडा सांगितला. कोणता आकडा खरा यावर वाद झाला, चौकशा झाल्या, काहींना क्लीन चिटही मिळाली.

पण आपल्यासाठी धडा वेगळा आहे. तो ०.१ टक्का कोणा गुप्तहेराने चोरून आणला नव्हता. आर्थिक पाहणी सरकार दरवर्षी छापते. ती सगळ्यांसाठी खुली असते. ती उघडून भागाकार करणारे थोडे होते, एवढेच.

दवंडी देणाऱ्यालाच पत्ता नाही

इथे माझे म्हणणे सरळ मांडतो. सरकार 'जनतेपासून' लपवते असे आपण म्हणतो, पण जनता एकसारखी नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. माहितीलाही तशीच उतरंड आहे. नवा रस्ता कुठून जाणार हे मंत्र्याच्या जवळच्यांना आधी कळते, मग ठेकेदाराला, मग जमिनीच्या दलालाला, मग मोठ्या बागायतदाराला. शेवटी नोटीस येते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाहीच, तो बांधावरचा मजूर, सालदार, गायरान कसणारा, नदीत मासे धरणारा भिल्ल? त्याला कळते जेसीबी आल्यावर.

यातला क्रूर विनोद बघा. गावात दवंडी कोण देत होते? सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला कोण नेत होते? लोकांना चावडीवर बोलावून कोण आणत होते? आपले आजोबा-पणजोबा. महार वतनाचे ते कामच होते. सरकारचा निरोप गावभर पोचवणारा माणूसच त्या निरोपातल्या लाभाला पात्र नव्हता. ती वतने कायद्याने १९५८ साली रद्द झाली. निरोप मात्र आजही आपल्या वस्तीपर्यंत येता येता थांबतो.

भाषेचीही एक भिंत आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला आणि लोकांकडून हरकती मागवल्या. मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. जामनेरच्या शेतमजुराने हरकत कशी घ्यायची? दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत त्याचा अनुवाद करा. मसुदा जाहीर होता. फक्त तो आपल्याला वाचता येणार नाही अशा रीतीने जाहीर होता.

'आता माहिती अधिकार आहे की!'

काही मित्र म्हणतील, हे सगळे जुने झाले. २००२ ला महाराष्ट्राचा आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहिती अधिकार कायदा आला, आता काय लपणार? कायदा मोठा आहे यात शंका नाही. त्याचे कलम २२ त्याला १९२३ च्या गुपितांच्या कायद्यापेक्षा वरचे स्थान देते. पण सत्ता नव्या वाटा शोधते. निवडणूक रोख्यांची योजना संसदेत जाहीर करून आणली, आणि कोणी कोणाला किती पैसे दिले हे मात्र मतदाराला कळू नये अशी तिची रचनाच होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा सुमारे पाच वर्षांचा हिशेब बाहेर आला. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम असे बदलले आहे की 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणून अर्ज फेटाळणे सोपे व्हावे. दार बंद करत नाहीत, उंबरठा उंच करतात.

दुसरे काही जण म्हणतील, देशाच्या सुरक्षेसाठी गुप्तता लागतेच. लागते. सीमेवरच्या तोफांची संख्या आम्हाला नको आहे. पण धरणाची किंमत, घरकुलाची यादी, वस्तीच्या रस्त्याचे अंदाजपत्रक यात कोणता शत्रू लपला आहे? आणि गुप्ततेचा प्रश्न आला तरी कलम ८(२) सांगते की लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते.

मग त्या तरुणाला मी काय सांगितले?

सांगितले की जमिनीखालचे शहर सोड. ज्या शहराला हजारो टन सिमेंट, वीज, पाणी, भाजीपाला लागतो ते लपत नाही. तू वाघूरवर जा. वाघूर धरणाचे पाणी जळगावच्या नळाला जाते. त्याच्या बुडितात कोणाचे काय गेले, पर्यायी जमीन कोणाला मिळाली, भूमिहीनांपैकी किती जणांची नोंद झाली, हे विचार. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन नसलेला पण तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूरही 'बाधित कुटुंब' धरला आहे, हे किती वस्त्यांना ठाऊक आहे? याच कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा होता. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची वाट उघडली, यावर आपल्या किती बैठका झाल्या?

कामाला लागायचे तर वस्तीपासून लागा. दलित वस्ती सुधारणेचा निधी गेल्या तीन वर्षांत आपल्या गावात कोणत्या कामावर पडला? रमाई आवासच्या यादीत कोण आहे, कोण सुटले? अर्ज दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फुकट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत लिहायचा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे, नाही आले तर अपील. नुसत्या नकला मागू नका. फाईल बघायला मागा, कामाची पाहणी मागा, सिमेंटचा नमुना मागा. कायदा तुम्हाला तो हक्क देतो. एकट्याने जाऊ नका, पाच जण जा. एकाचा अर्ज दाबता येतो, अख्ख्या वस्तीचा दाबणे अवघड जाते.

तो तरुण जरा हिरमुसला. व्हिडिओतले शहर यापेक्षा मजेचे होते. पण पुढच्या रविवारी तो आला तेव्हा हातात मोबाईल नव्हता, कागद होता. ग्रामपंचायतीच्या फलकावरचे एका नालीचे अंदाजपत्रक त्याने वहीत उतरवून आणले होते आणि विचारत होता, "दादा, ही नाली कुठंय?"

बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वात आधी ठेवला. त्यात सरकारचा हिशेब वाचायला शिकणेही आले.

जय भीम, जय संविधान!